गायिका : कामिनी

लांब धागा आहे, सवडीने वाचावा. विषय भयपटांच्या जाहिरातींचा आहे. भूत आहे की नाही हा वाद प्रतिसादांत घालू नये. त्यासाठी वेगळा धागा काढू.

मागच्या हिवाळ्यात तुर्भे स्थानकाबाहेरच्या एका भिंतीवर एक कागद दिसला. वर ठळक अक्षरांत ‘बेपत्ता’. खाली दोन मुलगे आणि एक मुलगी यांची झेरॉक्समध्ये काळवंडलेली छायाचित्रे, नावे, वये. शेवटचे कोठे दिसले : ठाणे-बेलापूर पट्ट्यातील एका बंद कारखान्याच्या आवारात. अंगावर काय होते, हातात काय होते (कॅमेरा). एक भ्रमणध्वनी क्रमांक. आणि अगदी तळाशी, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरांत, एका महाविद्यालयीन लघुपट महोत्सवाची तारीख व सभागृह.

माझ्या शेजारी बाजार समितीतून सुटलेले एक माथाडी गृहस्थ उभे होते. खिशातली वही काढून ते तो क्रमांक उतरवून घेत होते. मला म्हणाले, “आमच्या फाट्यावर रात्रभर गाड्या येतात, दादा. कुणी पाहिलं असेल तर विचारतो. आईबाप कुठले म्हणायचे पोरांचे?” मी शेवटच्या ओळीवर बोट ठेवले. त्यांनी ती दोनदा वाचली, वही मिटली आणि पुलाच्या दिशेने निघून गेले.

त्या तीन विद्यार्थ्यांवर खटला भरण्यासाठी हे लिहीत नाही. त्यांची युक्ती त्यांच्या आजोबांपेक्षाही जुनी आहे, आणि तिच्या इतिहासातले एक फार देखणे प्रकरण तुर्भ्यापासून खाडीपलीकडे, मालाडमध्ये घडलेले आहे. तेथूनच सुरुवात करू.

१९४९. बॉम्बे टॉकीजचा ‘महल’. दिग्दर्शक कमाल अमरोही यांचा हा पहिलाच चित्रपट. संगीत खेमचंद प्रकाश यांचे, छायाचित्रण जर्मनीहून येऊन इथलेच झालेल्या योझेफ विर्शिंग यांचे, संकलन बिमल रॉय यांचे. हे शेवटचे नाव लक्षात ठेवावे. धाग्याच्या शेवटी त्याच्याकडे परत यायचे आहे.

कथा थोडक्यात अशी. नदीकाठची एक ओसाड हवेली. नवा मालक शंकर (अशोककुमार) तेथे येतो आणि भिंतीवरच्या तसबिरीत, मरून गेलेल्या जुन्या मालकाच्या जागी, त्याला स्वतःचाच चेहरा दिसतो. रात्री दुरून गाणे ऐकू येते. गाणारी दिसते आणि नाहीशी होते. तिचे नाव कामिनी. ती जुन्या मालकाची प्रेयसी, म्हणजे हयात नसलेली बाई. ही भूमिका मधुबालाची. तेव्हा ती सोळा वर्षांची होती.

‘आयेगा आनेवाला’ हे ते गाणे. आवाज दुरून जवळ येतो आहे असे भासावे म्हणून गायिकेला ध्वनिमुद्रणाच्या खोलीच्या एका कोपऱ्यातून गात गात मायक्रोफोनकडे चालत यायला लावले होते, ही आठवण तिने स्वतः अनेकदा सांगितली आहे. आवाज लहानमोठा करण्याच्या आजच्या सोयी तेव्हा नव्हत्या. भुताचे अंतर माणसाच्या पावलांनी मोजावे लागे.

गाणे गाजले. लोक आकाशवाणीला पत्रे लिहून विचारू लागले की ही गाते कोण? कारण ध्वनिमुद्रिकेच्या तबकडीवर गायिकेचे नाव छापले होते ‘कामिनी’.

तेव्हाची ही रीतच होती. पार्श्वगायन रूढ झाले होते, पण तबकडीवर बहुधा पडद्यावरील पात्राचे नाव जाई. म्हणजे ‘महल’साठी कोणी मुद्दाम आखलेली ही जाहिरातमोहीम नव्हती, धंद्याची एक अन्यायकारक सवय होती. मात्र चित्रपट भुताचा असल्यामुळे त्या सवयीचा अर्थच पालटला. सामाजिक चित्रपटाच्या तबकडीवर नायिकेचे नाव असले तर तो निष्काळजीपणा. भयपटाच्या तबकडीवर मृत स्त्रीचे नाव असले तर ते भुताने सही करून दिलेले प्रमाणपत्र. घरात दिवाणखान्यात फिरणारी ती तबकडी चित्रगृहाबाहेरही सांगत राहिली की कामिनी आहे, ती गाते, हा पहा तिचा आवाज.

अखेर आकाशवाणीवर आणि मग सर्वत्र खरे नाव कळले : लता मंगेशकर. वय वीस.

या धाग्याचे म्हणणे एवढेच आहे : भीती विकताना प्रथम एखाद्या जिवंत माणसाचे नाव काढून घेतले जाते. कधी सवयीने, कधी कराराने, कधी हौसेने. आणि या संकेताला जे उलटवतात ते बहुतेक वेळा ते नाव परत करूनच उलटवतात. ‘महल’ने स्वतःच्या कथेत नेमके हेच केले आहे. पंचाहत्तर वर्षे जुन्या चित्रपटाचे रहस्य फोडल्याबद्दल क्षमा असावी : कामिनी भूत नसतेच. ती हवेलीच्या माळ्याची मुलगी असते, तिचे नाव आशा. पडद्यावर भुताला नाव परत मिळाले आणि तबकडीवर मिळाले नव्हते. हा विरोधाभास मला त्या हवेलीपेक्षा अधिक थरारक वाटतो.

आता थोडे मागे जाऊ.

पॅरिस, १७९२-९३. फिलिडोर नावाचा एक खेळिया अंधाऱ्या खोलीत जादूच्या दिव्याने मृतांच्या आकृत्या दाखवी. आणि खेळापूर्वी प्रेक्षकांना सांगे की मी मांत्रिक नाही, धर्मगुरूही नाही. भोंदू लोक तुम्हाला कसे फसवतात ते मी दाखवणार आहे. त्याच्यानंतर रॉबर्टसन आला. मूळचा बेल्जियमचा, भौतिकशास्त्राचा अभ्यासक. १७९९ पासून त्याने कॅपुचिन जोगिणींच्या ओसाड मठात आपला ‘फँटास्मागोरी’ मांडला. प्रेक्षकांना थडग्यांमधून चालवत आत न्यायचे, दिवे मालवायचे, आणि पडद्यामागे चाकांवरचा दिवा पुढे सरकवत आकृती अशी फुगवायची की ती अंगावर चालून येते आहे असे वाटावे. समोर बसलेल्यांतल्या अनेकांनी पाच-सहा वर्षांपूर्वी खरी मुंडकी पडताना पाहिलेली. त्यांना क्रांतीतल्या मृतांचे चेहरे धुरावर दाखवले जात. तरी रॉबर्टसनचे म्हणणे हेच, की हा विज्ञानाचा प्रयोग आहे, अंधश्रद्धेवरचा उतारा आहे.

म्हणजे भयपटाच्या जाहिरातीचा उगमच दुतोंडी आहे. एका तोंडाने ‘भूत नाही’ आणि दुसऱ्या तोंडाने ‘तिकीट काढा, भूत दाखवतो’. संकेत मोडण्याची क्लृप्ती संकेताइतकीच जुनी आहे. आज कोणी पहिल्या वर्षाचा विद्यार्थी ‘आम्ही भयपटाचे संकेत उलटवले’ असे म्हणतो तेव्हा फिलिडोरला हसू येत असेल.

आपल्याकडे या दिव्याची कथा कल्याणला घडली. १८९२ पासून महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांच्या मुलांनी काचेवर रंगवलेल्या चित्रांचे खेळ केले. नाव ठेवले ‘शांबरिक खरोलिका’. शंबर हा मायावी असुर. शांबरी म्हणजे माया, गारुड. विषय मात्र रामायण-महाभारताचे. दिव्याला असुराचे नाव देऊन त्यातून देव दाखवणे ही आपली खास तऱ्हा म्हणावी लागेल.

आणि मग दादासाहेब फाळके. ‘विद्यार्थ्यांच्या चित्रपटाची जाहिरात’ हा विषय निघाला की माझ्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा वाटाण्याचे रोप येते. १९१२ साली फाळके लंडनहून कॅमेरा घेऊन आले. विद्या नुकतीच शिकलेली, हातात पैसा नाही, भांडवलदारांचा विश्वास नाही. त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा समोर रोवला, दिवसाकाठी थोडे थोडे चित्रण केले, आणि महिन्याभराची वाढ मिनिटभरात पडद्यावर दाखवली. ते पाहून कर्ज मिळाले आणि ‘राजा हरिश्चंद्र’ उभा राहिला. गंमत अशी की मातीतून आपोआप वर येणारा, वळवळणारा तो अंकुर हे दृश्य आज भयपटात सहज खपेल. फाळके हौसेने जादूचे प्रयोगही करीत. आडनाव उलटे करून रंगमंचावर ‘प्रोफेसर केल्फा’ होत. तेथेही नाव काढून ठेवलेच, पण स्वतःचे आणि स्वखुशीने.

पुढे सुरतेला ‘राजा हरिश्चंद्र’ला गर्दी होईना, तेव्हा त्यांनी जाहिरात केली : सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, फक्त तीन आण्यांत. लोक आले. ही जाहिरात मी नेहमी त्या ‘बेपत्ता’ कागदाच्या बाजूला ठेवून पाहतो. दोन्ही गरिबाघरच्या जाहिराती. एकीने आकड्यांचा चमत्कार केला, दुसरीने चमत्कारासाठी खऱ्या कागदाचे रूप उसने घेतले.

भारतीय भयपट म्हटले की रामसे बंधू येतातच. कराचीत रेडिओचे दुकान असलेले रामसिंघानी कुटुंब फाळणीनंतर मुंबईत आले. वडील फतेचंद यांनी काढलेला ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ (१९७०) पडला. पण मुलांनी चित्रगृहात बसून एक गोष्ट टिपली : मुखवटा चढवून चोरी करणाऱ्या पृथ्वीराज कपूरांच्या प्रसंगाला लोक जागच्या जागी ताठ होत. तेवढ्या एका प्रसंगातून पुढचा सगळा धंदा निघाला. पृथ्वीराजांसारख्या नटाचा चेहरा झाकला की तो अधिक विकला जातो, हा शोध.

ही मुले कोणत्याही चित्रपटसंस्थेत शिकली नव्हती. वडिलांनी त्यांना काश्मीरला नेऊन हाउसबोटीत ठेवले आणि जोसेफ मॅसेली यांचे छायाचित्रणावरील पाठ्यपुस्तक त्यांच्याकडून गिरवून घेतले. एक कॅमेरा शिकला, एक ध्वनी, एक संकलन, दोघे दिग्दर्शन. म्हणजे सात भावांची चालतीबोलती शाळाच. त्यांचा ‘दो गज जमीन के नीचे’ (१९७२) चित्रित झाला तो महाबळेश्वरात. सगळे कुटुंब बसमध्ये घालून नेले, सरकारी विश्रामगृहात उतरले, स्वयंपाक घरच्या बायकांकडे आणि चित्रीकरण महिना-सव्वा महिन्यात पूर्ण. आजचा कोणताही विद्यार्थी चमू हेच करतो. फक्त त्याला बसऐवजी मित्राच्या काकांची गाडी लागते.

रामसेंच्या भित्तिचित्रांवर नटनट्यांपेक्षा राक्षस मोठा असे. ‘पुराना मंदिर’ (१९८४) मधला सामरी आठवावा. तो चेहरा रंगभूषेचा चमत्कार समजून कित्येक पिढ्या घाबरल्या. तो चेहरा एका शिकलेल्या स्थापत्य अभियंत्याचा होता. अनिरुद्ध अगरवाल, रुरकीला शिक्षण, उंची सहा फुटांवर बरीच, आणि चेहऱ्याची ठेवण जन्मजात नव्हे, आजारातून आलेली. रंगभूषा फारशी लागलीच नाही. श्रेयनामावलीत नाव पडले ‘अजय अगरवाल’. लोकांना त्यापैकी कोणतेच नाव माहीत नव्हते. ‘सामरी’ मात्र सगळ्यांना पाठ. येथे भीतीचा संकेत आणि माणसाची हानी यांतले अंतर किती कमी उरते ते पहावे. मुखवटा काढून ठेवता येतो. हा गृहस्थ तो चेहरा घेऊन लोकलने घरी जात असेल.

अमेरिकेत या धंद्याचा महाराजा होता विल्यम कॅसल. ‘मकाब्र’ (१९५८) पाहताना भीतीने मृत्यू आल्यास हजार डॉलर, असा विम्याचा कागद तो प्रत्येक प्रेक्षकाच्या हाती देई. पुढच्या वर्षी ‘द टिंगलर’साठी काही खुर्च्यांखाली थरथरणारी यंत्रे बसवली. आपल्याकडे राम गोपाल वर्मांनी ‘फूंक’च्या वेळी (२००८) पाच लाखांचे आव्हान दिले ते याच घराण्यातले : चित्रगृहात एकट्याने बसून पूर्ण पाहून दाखवा. आव्हानाच्या आकड्यावरून मला आपली अंधश्रद्धा निर्मूलनाची चळवळ आठवते. तिथेही लाखो रुपयांचे आव्हान वर्षानुवर्षे उभे आहे, पण उलट्या दिशेचे : चमत्कार सिद्ध करा आणि रक्कम न्या. ‘फूंक’मध्ये नास्तिक बाप शेवटी मांत्रिकाच्या दारी जातो. रॉबर्टसनची दोन तोंडे महाराष्ट्रात अशी दोन वेगळ्या माणसांना लाभली. हा थोडा आडरस्ता झाला. मूळ विषयाकडे वळतो.

कारण आता खरे विद्यार्थी येतात.

१९७८. मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या वर्तुळात वावरलेला सॅम रायमी नावाचा तरुण आणि त्याचे मित्र ‘विदिन द वूड्स’ हा अर्ध्या तासाचा लघुपट घरगुती कॅमेऱ्यावर काढतात. उद्देश एकच : दंतवैद्य, वकील, दुकानदार यांना तो दाखवून मोठ्या चित्रपटासाठी पैसे मिळवणे. फाळक्यांचा वाटाणाच हा, फक्त रक्त लावलेला. पैसे मिळाले, ‘द इव्हिल डेड’ झाला. ऑक्टोबर १९८१ मध्ये डेट्रॉइटच्या रेडफोर्ड चित्रगृहात पहिला खेळ झाला तेव्हा दाराशी रुग्णवाहिका उभी केली होती. कॅसलचा आशीर्वाद.

त्या चित्रपटाची श्रेयनामावली मात्र नीट वाचण्यासारखी आहे. काही कलावंतांची नावे खोटी आहेत, कारण नटसंघटनेचे सभासद असल्याने अशा चित्रपटात त्यांनी काम करणे नियमबाह्य होते. शिवाय चित्रीकरण इतके लांबले की बहुतेक नट निघून गेले, आणि उरलेल्या दृश्यांत मित्र, भाऊ, जो सापडेल तो हात-पाय-पाठ दाखवायला उभा राहिला. रायमीने या सगळ्यांना श्रेयनामावलीत ‘फेक शेम्प’ म्हणून एकत्र घातले. शेम्प हा ‘थ्री स्टूजेस’ या विनोदी त्रयीतला नट. तो वारल्यावर राहिलेली दृश्ये त्याच्यासारखा दिसणारा माणूस पाठमोरा उभा करून पुरी केली होती. त्यावरून हा विनोद. प्रेमळ विनोद आहे यात शंका नाही. पण ज्याचे हात पडद्यावर आहेत त्याला मृत माणसाची नक्कल म्हणून नोंदवले, हेही आहेच.

याच सुमारास इटलीत विनोद संपला. रुजेरो देओदातो यांच्या ‘कॅनिबल होलोकॉस्ट’मध्ये (१९८०) जंगलात हरवलेल्या चित्रपट-चमूची सापडलेली चित्रफीत, अशी मांडणी होती. खरेपणा टिकावा म्हणून कलावंतांकडून वर्षभर अज्ञातवासात राहण्याचे कबूल करून घेतले होते. जाहिरात इतकी यशस्वी ठरली की दिग्दर्शकावर खुनाचा संशय आला आणि नट जिवंत आहेत हे त्याला त्यांना हजर करून सिद्ध करावे लागले. भारतीय पुराणांत मेलेल्याला जिवंत करण्यासाठी तपश्चर्या लागते. मिलानला वकील पुरला. (त्या चित्रपटात प्राण्यांची हत्या मात्र खरीखुरी होती. त्यांना कोणी हजर करू शकले नाही.)

आणि आता तुर्भ्याच्या त्या कागदाचा थेट पूर्वज.

फ्लोरिडातील विद्यापीठात चित्रपटकला शिकलेले डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ. ‘द ब्लेअर विच प्रोजेक्ट’. कथा : ऑक्टोबर १९९४ मध्ये तीन चित्रपट-विद्यार्थी मेरिलँडच्या जंगलात एका चेटकिणीवर माहितीपट करायला जातात आणि परत येत नाहीत, वर्षभराने त्यांची चित्रफीत सापडते. प्रत्यक्षात ऑक्टोबर १९९७ मध्ये आठ दिवसांत चित्रीकरण झाले. कॅमेरा नटांच्याच हाती, संवाद उत्स्फूर्त, दिवसागणिक खाणे कमी केलेले, आणि रात्री दिग्दर्शक स्वतः तंबूभोवती आवाज करीत.

इथे ‘विद्यार्थ्यांचा चित्रपट’ हेच सोंग झाले. कॅमेरा हलतो, चित्र अस्पष्ट आहे, प्रकाश अपुरा आहे, चेटकीण तर एकदाही दिसत नाही. गरिबीच्या या सर्व खुणा पुरावा म्हणून वापरल्या गेल्या. चांगले दिसणारे चित्र खोटे वाटले असते. भयपटाचा सर्वांत मोठा संकेत, म्हणजे शेवटी राक्षस दाखवणे, त्यांनी पाळलाच नाही.

जाहिरात त्याहून धाडसी. संकेतस्थळावर चेटकिणीची दोनशे वर्षांची बनावट कालरेषा, पोलिसांच्या तपासाची छायाचित्रे. जानेवारी १९९९ मध्ये सनडान्स महोत्सवात ‘बेपत्ता’ अशी पत्रके. चित्रपटांच्या जालीय माहितीकोशात तिन्ही नटांच्या नोंदींपुढे ‘बेपत्ता, बहुधा मृत’. दूरचित्रवाणीवर एक बनावट माहितीपट. वितरकाने सुमारे अकरा लाख डॉलरला चित्रपट विकत घेतला आणि जगभरात त्याने जवळपास पंचवीस कोटी डॉलर मिळवले. इंटरनेट नवे होते. संकेतस्थळावर लिहिलेले खोटे असू शकते, ही सवयीची शंका अजून लोकांना लागली नव्हती.

चित्रपटातील विद्यार्थ्यांची नावे हेदर डोनह्यू, जोशुआ लेनर्ड, मायकेल विल्यम्स. नटांचीही तीच. ‘महल’मध्ये जिवंत गायिकेला मृत स्त्रीचे नाव दिले, येथे त्याच्या उलट, जिवंत माणसांचीच खरी नावे घेऊन ती मृतांना देऊन टाकली. परिणाम तोच झाला. प्रसिद्धीच्या भर काळात या तिघांना लोकांसमोर येण्याची मोकळीक नव्हती, कारण मेलेला माणूस मुलाखत कशी देणार? हेदरच्या आईला लोकांकडून सांत्वनाची पत्रे आली. हयात लेकीबद्दल.

मिळकतीच्या मानाने तिघांच्या हाती फारच थोडे पडले. हेदर यांनी पुढे अभिनय सोडला आणि कालांतराने नावही बदलले. ते नाव जाहिरातीने वापरून संपवले होते. एप्रिल २०२४ मध्ये तिघांनी जाहीर पत्र काढून चित्रपटाच्या मालक कंपनीकडे आपला मोबदला मागितला आणि पुढे आपली नावे व चेहरे वापरण्यापूर्वी आम्हाला विचारा, असे म्हटले. पंचवीस वर्षांनी बेपत्तांचा शोध लागला तो असा, त्यांच्याच पत्राने.

मराठी भयपटाकडे या पार्श्वभूमीवर पाहिले की त्याची एक वेगळी सवय लक्षात येते. वसंत जोगळेकरांचा ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) घ्या. आशा काळे यांची भयग्रस्त नायिका, जुना वाडा, रात्रीचे भास, सारे संकेत जागच्या जागी. पण शीर्षकातच कबुली आहे : हा खेळ आहे, आणि खेळ म्हटला की कोणीतरी खेळणारा आला. भुतामागे माणसाचा डाव निघतो. जाहिरातीने भूत विकले आणि त्याच वेळी, त्याच तीन शब्दांत, ते नाकारलेही. फिलिडोरचे भाषण यापेक्षा आटोपशीर करता आले नसते.

आपल्याकडे हे नुसते कथेचे कौतुक राहत नाही. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला आणि त्याच वर्षाअखेरीस जादूटोणाविरोधी कायदा विधिमंडळाने संमत केला. भुताला आवाहन करण्याची धमकी देऊन लोकांत घबराट पसरवणे, एखाद्यावर करणी केल्याचा आरोप ठेवून त्याचे जगणे अवघड करणे, हे त्याच्या अनुसूचीत गुन्हे म्हणून आले. चित्रपटांशी त्याचा संबंध नाही. पण ज्या राज्यात चेटकीण ठरवून खऱ्या बाईला मारहाण होते, तेथे ‘सत्यघटनेवर आधारित’ हे चार पैशांचे वाक्य भित्तिचित्रावर छापताना हात थोडा अडखळायला हरकत नसावी.

राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) हिंदीत बोलतो, पण त्याची मुळे कोकणात आणि नारायण धारपांच्या कथेत आहेत. त्याचे राक्षसपण लोभात आहे. हस्तर नुसता पहारेकरी. त्यातली ती जखडलेली म्हातारी आठवते? तिच्या रंगभूषेखाली मोहम्मद समद हा मुलगा होता, जो पुढे विनायकच्या मुलाची, पांडुरंगाची भूमिका करतो. प्रेक्षकांना हे बहुधा नंतर कळले आणि कळल्यावर ते पुन्हा पाहायला गेले. सप्टेंबर २०२४ मध्ये चित्रपट पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा त्याने पहिल्या खेपेच्या दुपटीहून अधिक कमाई केली. रहस्य फुटले म्हणजे भयपट संपला, या समजुतीला एवढे उत्तर पुरे.

आपल्या शेजारच्या डोंबिवलीचा ‘झोंबिवली’ (२०२२) तर नावातच खिदळतो. आदित्य सरपोतदारांनी विदेशी झोंबीला पाण्याच्या टंचाईत, टोलेजंग संकुल आणि वस्ती यांच्या भांडणात आणून सोडले. तुर्भ्याच्या विद्यार्थ्यांना सल्ला विचारला असता तर मी हा चित्रपट सुचवला असता. बंद कारखाना, रासायनिक वास, डंपरच्या रांगा. इथे चेटकीण आयात करायची गरजच काय?

तो महोत्सव मी पाहायला गेलो, हे सांगायचे राहिले. सभागृहाच्या दाराशी तिकिटे तपासायला तेच तिघे उभे होते. मुलीच्या गळ्यात एक पाटी : ‘सापडले. आत या.’ माझ्या पुढच्या रांगेतल्या मुली किंचाळून हसल्या. चित्रपट बरा होता, मध्ये रेंगाळला. दाराची कल्पना मात्र उत्तम होती, आणि ती त्यांनी भिंतीवर का नेली नाही हे मी त्यांना विचारलेही. मुलगी म्हणाली, “सर, मग कागद कुणी वाचला असता का?” मी तिला माथाडी काकांची वही सांगितली. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “नंबर माझाच होता. चार फोन आले. एका आजींना मी खरं सांगूच शकले नाही, म्हटलं सापडलो आम्ही.”

आता ते राहिलेले नाव. ‘महल’चे संकलक बिमल रॉय यांनी नऊ वर्षांनी स्वतः एक भुताचा चित्रपट दिग्दर्शित केला : ‘मधुमती’ (१९५८). धुके, डोंगर, हाका मारणारी स्त्री. आवाज पुन्हा लता मंगेशकरांचा. मधल्या काळात लताबाईंनी फिल्मफेअरच्या सोहळ्यात गायला नकार दिला होता, कारण त्या पुरस्कारांत पार्श्वगायनासाठी विभागच नव्हता. १९५९ मध्ये तो सुरू झाला. पार्श्वगायनाचा पहिला पुरस्कार ‘मधुमती’तील ‘आजा रे परदेसी’ या गाण्याला मिळाला, आणि त्यावर नाव होते लता मंगेशकर.